आईच्या नावानं एक लाख झाडापाण्याला, एक लाख गुंतवायला: कुठं आणि कसे?

मांजराकाठ | २६ ऑक्टोबर २०२५

नमस्कार मंडळी. बऱ्याच वर्षांचा वाचक आहे, धागा पहिलाच. चुकलं तर सांभाळून घ्या.

येत्या माघात आईला जाऊन वर्ष होईल. तिच्या नावावर दोन लाखांची पावती होती, ती परवा मोडली. भाऊबंद म्हणतात, वर्षश्राद्धाला गावजेवण घालू. पंगत घरच्यापुरती घालणारच आहे, पण दोन लाख वरण-भातात जावेत हे मनाला पटत नाही.

२०१६च्या उन्हाळ्यात आई लातुरात आमच्याकडं होती. मांजरा धरण कोरडं ठाक. पाण्याच्या टाक्यांपाशी भांडणं नकोत म्हणून जमावबंदी लावलेली. आणि १२ एप्रिलला मिरजेहून ती पहिली पाण्याची रेल्वे आली, दहा वाघिणी, पाच लाख लिटर. पुढं ती पन्नास वाघिणींची झाली. टीव्हीवर गाडी दाखवत होते, आई तांदूळ धुतलेलं पाणी तुळशीला घालत होती. म्हणाली, "आता पाणीबी तिकीट काढून यायलंय व्हय रे?" ते वाक्य डोक्यातून जात नाही.

तर ठरवलंय असं: एक लाख झाडं-पाणी करणाऱ्या एखाद्या संस्थेला द्यायचे आणि एक लाख पर्यावरणाला धरून असलेल्या ठिकाणी गुंतवायचे. संस्था खरी की नुसती बोर्डापुरती, हे कसं ओळखायचं? देणगीवरच्या करसवलतीचा, म्हणजे ८०जीचा, फायदा किती मिळतो? आणि नातू 'ईएसजी फंड' म्हणतो ते काय प्रकरण आहे? मी निवृत्त शिक्षक, पेन्शनवर आहे, नवीन कर प्रणालीत. गाव रेणापूर तालुक्यात, राहायला लातुरात.

---

गोदातीर | २६ ऑक्टोबर

काका, पहिल्याच धाग्यात षटकार! (मूळचा परभणीचा, हल्ली हिंजवडीत.)

ईएसजी म्हणजे पर्यावरण, समाज आणि कंपनीचा कारभार या तीन गोष्टी बघून शेअर निवडणं. पूर्वी यात नुसतं बोलणंच जास्त होतं. २०२२-२३ पासून सेबीनं, म्हणजे शेअर बाजाराच्या नियामकानं, बाजारमूल्यानं वरच्या १००० कंपन्यांना बीआरएसआर नावाचा अहवाल सक्तीचा केला. वीज किती, पाणी किती, कचरा कुठं, सगळं लिहून द्यावं लागतं. जुलै २०२३मध्ये ईएसजी योजनांचे सहा उपप्रकारही ठरवले आणि किमान ८० टक्के पैसा सांगितलेल्या धोरणानुसारच लावायचं बंधन घातलं. मी स्वतः दोन वर्षं एसआयपी करतोय. लाखभर टाकायला हरकत नाही, मात्र सात-आठ वर्षं हात लावायचा नाही.

---

ताळेबंद | २७ ऑक्टोबर

धागाकर्ते, कराचा भाग आधी उरकतो, कारण तुमच्यापुरता तो दोन ओळींचाच आहे. नवीन प्रणालीत ८०जीची वजावट मिळत नाही. आणि यंदा, म्हणजे २०२५-२६ला, १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर तिथं कर शून्य आहे. तुमच्या पेन्शनला वाचवायला कर उरलेलाच नाही. मनाला वाटतं म्हणून द्या.

जुन्या प्रणालीतल्या वाचकांसाठी: बहुतेक संस्थांना दिलेल्या रकमेच्या ५० टक्केच वजावट मिळते, आणि तीही उत्पन्नाच्या १० टक्क्यांच्या मर्यादेत. लाख दिले तर ५० हजार उत्पन्नातून वजा होतात. २० टक्क्यांच्या टप्प्यात असाल तर उपकरासह १०,४०० रुपये वाचतात, लाख नव्हे! दरवर्षी मार्चमध्ये चार जण तरी याच गैरसमजात माझ्यापुढं येऊन बसतात. रोख २००० रुपयांच्या वर दिलेलं धरत नाहीत. रोपं, डिझेल, पाइप असं वस्तुरूपानं दिलेलंही धरत नाहीत. संस्थेकडून देणगीचं १०बीई प्रमाणपत्र घ्या. नुसत्या पावतीवर आता भागत नाही.

संस्था तपासायची तर धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी, आयकर खात्याचे १२एबी (संस्थेची स्वतःची करसवलत) आणि ८०जीचे आदेश, त्यांची मुदत आणि तीन वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल मागा. नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवर नाव आहे म्हणून कुणी तपासून दिलंय असं समजू नका, ती फक्त नोंदणी आहे. ताळेबंदात 'वृक्षलागवड खर्च' अशी एकच मोठी ओळ दिसली की विचारायचं: यात रोपं किती, पाणी किती, मजुरी किती आणि उद्घाटनाचा मंडप किती? उत्तराला लागणारा वेळ हेच अर्धं उत्तर असतं.

---

हुरडा_पार्टी | २७ ऑक्टोबर

मंडप किती 😄😄 आमच्या गावात पाच रोपांना अकरा प्रमुख पाहुणे होते. वाचतोय.

---

चिखलवाट | २८ ऑक्टोबर

मी बीडकडचा. आठ-दहा जणांचा आमचा गट आहे, गावालगतच्या टेकडीवर झाडं जगवतो. 'लावतो' म्हणत नाही. लावायला कुणीही येतं. २०१९ला राज्यात ३३ कोटींची मोहीम झाली, तेव्हा आमच्या टेकडीवरही खड्डे झाले, फोटो झाले. पुढच्या मे महिन्यात तिथं खड्डेच राहिले होते.

काका, एक हिशेब मांडतो, तो कुठल्याही संस्थेपुढं ठेवून बघा. तीनशे झाडं धरा. झाडाला एका वेळेला पंधरा लिटर पाणी, म्हणजे साडेचार हजार लिटर. पाच हजार लिटरचा ट्रॅक्टरचा टँकर एका पाळीत संपतो, थोडं सांडतंही. फेब्रुवारीपासून मृगापर्यंत दर आठ दिवसाला पाळी धरली तर सतरा टँकर. आमच्याकडं सुरुवातीला हजारात येतो आणि विहिरी आटल्या की चौदाशे-पंधराशेला. सरासरी बाराशे धरा. एका उन्हाळ्याचे झाले वीस हजार चारशे. झाड स्वतःच्या पायावर उभं राहायला असे तीन उन्हाळे, म्हणजे एकसष्ट हजार. रोपं? तीस रुपयांनी नऊ हजार.

देणगीदार मात्र नऊ हजार द्यायला रांग लावतात. रोपाला फोटो आहे, टँकरला नाही. मे महिन्यातल्या पाचव्या टँकरला पैसे मागायला गेलं की म्हणतात, 'मागंच दिले होते की.'

राखणदाराचा पगार वेगळा. शेळ्या आल्या तर एका दुपारी पन्नास झाडं जातात. वणवा लागला तर सगळीच. म्हणून थंडी संपता संपता टेकडीभोवती गवत कापून जाळरेषा काढावी लागते. हे काम इतकं रटाळ असतं की त्याला देणगीदार सोडा, स्वयंसेवकही मिळत नाहीत. रुग्णालयातून सलाईनच्या रिकाम्या बाटल्या आणून बुंध्याशी उलट्या बांधायचा प्रयोग केला, बऱ्यापैकी चालला. फक्त माकडांनी त्या पळवल्या.

डोंगर जगवलेला बघायचा असेल तर बीडजवळ पालवणला सह्याद्री देवराई आहे. २०२०च्या फेब्रुवारीत तिथं वृक्षसंमेलन भरलं होतं, संमेलनाध्यक्ष वडाचं झाड! भाषण झालं नाही, त्यामुळं संमेलन वेळेत संपलं असावं.

---

काळवट_माती | २८ ऑक्टोबर, रात्री

समद्यांचं वाचायलो. म्या भूम तालुक्यातला शेतकरी. सप्टेंबरातल्या पुरात नदी आमच्या वावरातून गेली. दोन एकरातली माती खरडून नेली, खाली मुरूम उघडा पडलाय. ज्या वावरात बैल गुडघ्याएवढा रुतायचा, तिथं आता कुदळ मारली की ठिणगी उडती. एका सालात टँकरबी बघायचा आन् पूरबी बघायचा, असं झालंय.

गुरुजी, राग येऊ देऊ नका, एक इचारतो. तुमच्या वावरात काय हाय? ऊस हाय का?

आसंल तर हे सगळं उलटं झालं. वर्षाला दीड ते अडीच हजार मिलिमीटर पाणी पिणारं पीक, आन् आपल्याकडं पाऊस पडतो सातशेच्या आत. बाकीचं पाणी जमिनीतून उपसायचं, आन् मंग एक लाख देऊन टेकडीवर टँकर लावायचा. टँकर भरायचा कुठून, त्याच बोअरातून ना?

---

सोयाबीन_भाव_पडला | २९ ऑक्टोबर

+१. पण भाऊ, उसाला एफआरपी, म्हणजे कारखान्यानं द्यायचा किमान दर, तरी आहे. सोयाबीनचा हमीभाव कागदावर आणि खरेदी केंद्रावर बारदाना नाही. माणूस ऊस हौसेनं लावत नाही.

---

मांजराकाठ | २९ ऑक्टोबर

काळवट_माती, राग कशाचा! पण खरं सांगतो, तुमचा प्रतिसाद वाचून फोन बाजूला ठेवला आणि अर्धा तास गॅलरीत बसलो.

आहे. सव्वा एकर ऊस आहे. धाकटा भाऊ बघतो. बोअर ४८० फुटांवर गेलंय, आधीची दोन कोरडी गेली. शाळेत 'पाणी अडवा, पाणी जिरवा'वर निबंध तपासत आलो आणि घरी खोडव्यावर खोडवा (तोडलेल्या उसाच्या फुटव्याचं पुढचं पीक) ठेवत आलो. लिहितानाही लाज वाटतेय, पण धागा मी काढलाय, लपवू कशाला.

---

पासबुक | ३० ऑक्टोबर

गुरुजी, मी निवृत्त बँक कर्मचारी, अंबाजोगाईची. गुंतवणुकीवर थोडं लिहिते.

आधी भीती. नव्वदच्या दशकात सागवानाच्या योजना आल्या होत्या, आठवतात का? वीस वर्षांत एका झाडाचे लाख, गुळगुळीत कागदावर हिरवीगार झाडं. आमच्या शाखेतल्या निम्म्या लोकांनी घेतलं होतं. सेबीनं १९९९ला अशा सामूहिक योजनांसाठी नियम केले, तोवर बऱ्याच कंपन्यांच्या कार्यालयांना कुलपं लागली होती. माझ्या यजमानांचं झाड कुठल्या जिल्ह्यात होतं हे आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही. अलीकडं त्यांनीच एका मल्टिस्टेट पतसंस्थेत साडेबारा टक्क्यांच्या आशेनं तीन लाख ठेवले, तेही अडकले. नाव लिहीत नाही, इथल्या निम्म्या घरांत तेच रडगाणं आहे. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा असतो, पतसंस्थेतल्या ठेवीला तो नसतो, हे मी आयुष्यभर काउंटरवर सांगत आले. घरात कोण ऐकतंय.

म्हणून 'हिरवं' आणि 'जास्त व्याज' हे दोन शब्द एका वाक्यात दिसले की उठून चालू लागायचं.

आता ईएसजी फंड. गोदातीर, तुमच्या फंडाचं महिन्याचं पत्रक उघडून बघा. वरच्या दहा नावांत बँका आणि आयटी कंपन्याच जास्त असतील. बँकेला धुराडं नसतं, त्यामुळं तिचे गुण चांगले येतात. पण ती कर्ज कुणाच्या धुराड्याला देते? आणि शेअर बाजारातून घेतला म्हणजे तुमचा पैसा कंपनीकडं जात नाही, आधीच्या शेअरवाल्याकडं जातो. त्यातून नवीन सौर प्रकल्प उभा राहत नाही.

रोख्यांचं तसं नाही. नवा रोखा काढला की पैसा थेट कामाला जातो. केंद्र सरकारनं जानेवारी २०२३पासून हरित रोखे काढले, पहिलाच टप्पा आठ हजार कोटींचा होता. दहा वर्षांच्या रोख्यावर ७.२९ टक्के व्याज ठरलं होतं. रिझर्व्ह बँकेच्या रिटेल डायरेक्ट खात्यातून सामान्य माणसालाही घेता येतात, पण मधेच विकायला गेलात तर गिऱ्हाईक पटकन मिळत नाही. इंदूर महापालिकेनं फेब्रुवारी २०२३मध्ये २४४ कोटींचे रोखे काढले. नर्मदेचं पाणी जलूदहून शहरात चढवायला प्रचंड वीज लागते, तर तिथंच ६० मेगावॉटचा सौर प्रकल्प उभारायचा म्हणून. लोकांनी रांगा लावून घेतले. आपल्या मनपा असं काही काढतील का, तर आधी पाणीपट्टी वसूल होऊ द्या. बँकांच्या हरित ठेवीही आहेत, त्यासाठी रिझर्व्ह बँकेची चौकट जून २०२३पासून लागू झाली. विमा नेहमीच्या ठेवीसारखाच.

---

गोदातीर | ३० ऑक्टोबर

पासबुकताई, पत्रक उघडून बघितलं. पहिल्या पाचांत तीन बँका, एक आयटी. 😐

तरी फंडाच्या बाजूनं एक मुद्दा. मोठे फंड कंपनीच्या ठरावांवर मतदान करतात, प्रश्न विचारतात, आणि बीआरएसआरमुळं आकडे उघड्यावर आले. परिणाम हळू होतो, पण होतो. शिवाय नुसती देणगीच द्यायची तर सोशल स्टॉक एक्स्चेंजही आहे. नोंदणी झालेल्या संस्था तिथं 'शून्य व्याज, शून्य मुद्दल' रोखा काढतात. परत काही मिळत नाही, पण कामाचा अहवाल द्यावा लागतो. आधी किमान दोन लाख लागायचे, मग दहा हजार झाले, आता हजार रुपयांतही भाग घेता येतो.

---

हुरडा_पार्टी | ३० ऑक्टोबर

शून्य व्याज शून्य मुद्दल, म्हणजे मल्टिस्टेटच की!

---

पासबुक | ३० ऑक्टोबर

😄 फरक एवढाच की इथं आधी सांगतात.

गुरुजी, रात्री चिखलवाट यांचा टँकरचा हिशेब पुन्हा वाचला आणि एक सुचलं. माझ्या माहेरी देवळात कायम ठेवीची पद्धत आहे. मुद्दल मोडायचं नाही, व्याजातून दरवर्षी ठरलेल्या तिथीला त्या माणसाच्या नावानं अभिषेक. माझ्या आजोबांच्या नावची तिथी आजही होते, ठेव ठेवली तेव्हा मी जन्मलेही नव्हते. तसंच झाडांच्या पाण्याला का करू नये? सगळे लाख पहिल्या वर्षीच दिले तर पहिल्या वर्षीच खर्ची पडतील. समजा ऐंशी हजार ठेवले, साडेसहा टक्क्यांनी वर्षाला ५२०० आले. दरवर्षी चार टँकर, आणि फेब्रुवारीत गाठले तर पाच. पिंडीऐवजी झाडावर पाणी.

---

ताळेबंद | ३१ ऑक्टोबर

कल्पना झकास, एक व्यावहारिक टीप. ट्रस्टला देणार असाल तर सोबत पत्र द्या: 'ही रक्कम कायम निधीसाठी, व्याज फक्त उन्हाळी पाण्यासाठी.' असं लेखी नसेल तर ती साधी देणगी धरली जाते आणि त्याच वर्षी खर्च होऊ शकते. ट्रस्टनं निधी ठेवायचा तोही कायद्यानं ठरवलेल्या ठिकाणीच, राष्ट्रीयीकृत बँकेतली मुदत ठेव त्यात बसते. आणि चिखलवाट, तुमचा 'गट' नोंदणीकृत आहे का?

---

चिखलवाट | ३१ ऑक्टोबर

नाही. 🙈 व्हॉट्सअॅप ग्रुप आहे फक्त. टेकडी गायरानात येते, ग्रामसभेचा ठराव तेवढा आहे. पण तालुक्याला एक जुनी संस्था आहे, ती आमचं पाण्याचं बिल तिच्या खात्यातून देते. कागद नीट आहेत. काका, आधी येऊन बघा, मग ठरवा. पावसाळ्यानंतर सगळंच हिरवं दिसतं, म्हणून आत्ता येऊ नका. जानेवारीत या.

---

जालनेकर_७१ | २ नोव्हेंबर

धाग्यावर उशिरा आलो. झाडांबद्दल एवढं चाललंय, मातीबद्दल कुणी बोलेना म्हणून. आमच्याकडं कडवंची बघून या. नव्वदच्या दशकाच्या शेवटी इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमात तिथं काम झालं. मराठवाडा शेती साहाय्य मंडळ आणि विजयअण्णा बोराडे यांनी गाव उभं केलं. आधी माथ्यावर सलग समतल चर, मग उतारावर बांधबंदिस्ती, नाल्यातलं काम सगळ्यात शेवटी. आज तिथं द्राक्षं आणि शेततळी दिसतात, लोक तीच बघून येतात आणि वर माथ्यावर चढतच नाहीत. बरेच जण नाला खोल करण्यापासून सुरुवात करतात, कारण पोकलेन तिथं सहज जातं. वरची माती तशीच वाहत राहते आणि दोन वर्षांत नाला पुन्हा भरतो.

काळवट_माती, तुमच्या वावरासाठी धरणातला गाळ मिळतो का बघा. शासनाची गाळमुक्त धरण योजना आहे.

---

काळवट_माती | २ नोव्हेंबर

अर्ज दिलाय. गाळ फुकट हाय पण ट्रॅक्टर फुकट नाय. मार्चात तलाव उघडा पडला की बघू.

---

मांजराकाठ | ८ फेब्रुवारी २०२६

धागा वर काढतोय. मधल्या काळात विचारणा करणाऱ्यांचे आभार, उत्तर द्यायला काही घडलेलं तर हवं होतं.

जानेवारीत टेकडीवर जाऊन आलो. चिखलवाट आणि त्यांच्या मंडळींनी पिठलं-भाकरी खाऊ घातली. झाडं मोजू दिली. त्यांच्या वहीत २९१ होती, माझी २७८ भरली. यावर वाद न घालता त्यांनी वहीत खोडून २७८ लिहिलं. तिथंच माझं ठरलं. वडाचं एक रोप पिशवीच्या प्लॅस्टिकसकट लावलेलं सापडलं, तेही त्यांनीच उकरून दाखवलं. "कुण्या पाहुण्यानं लावलंय" म्हणाले.

वर्षश्राद्धाच्या दिवशी संस्थेला लाखाचा धनादेश दिला. वीस हजार यंदाच्या पाण्याला, ऐंशी हजार कायम निधीला, ताळेबंद यांनी सांगितलेल्या पत्रासकट. पाटी लावायची का विचारत होते. नको म्हटलं. वहीत तेवढं आईचं नाव लिहिलं.

दुसऱ्या लाखाचं. कारखान्याची तोड जानेवारीअखेर आली. ऊस गेल्यावर भावाला म्हटलं, यंदा खोडवा ठेवायचा नाही. भांडण झालं. तो म्हणाला, "तुला पेन्शन हाय, मला ऊस हाय." खोटं नव्हतं. शेवटी असं ठरलं की साठ हजार मी वावरात घालायचे: बांधबंदिस्ती, अर्ध्या एकरात सीताफळ, त्याला ठिबक. उरलेल्या पाऊण एकरात यंदा सोयाबीन-तूर, आणि उसाच्या मानानं पैसा कमी पडला तर दोन वर्षं फरक मी भरायचा. हे फरकाचं बायकोला अजून सांगितलेलं नाही, ती ही साईट वाचत नाही.

तीस हजार साध्या मुदत ठेवीत, त्याच फरकासाठी. राहिलेले दहा नातवाच्या हट्टानं ईएसजी फंडात, महिन्याला हजाराप्रमाणे. पासबुकताई, रागावू नका.

---

पासबुक | ८ फेब्रुवारी

रागावत नाही. पत्रक मात्र दर महिन्याला नातवाकडूनच वाचून घ्या.

---

सोयाबीन_भाव_पडला | ९ फेब्रुवारी

गुरुजी, सोयाबीन लावताय? आयडी वाचला ना माझा? 😄

---

काळवट_माती | ९ फेब्रुवारी

म्या इचारलं तवा वाटलं नव्हतं खरंच मोडताल म्हणून. सीताफळाला पयल्या साली पाणी लागतंयच, ते इसरू नका. रोपं बालाघाटातल्या झाडाच्या बियांची घ्या. बाहेरची आणताल तर गर कमी आन् बिया जास्त. भावाचा नंबर मला मेसेज करा, म्या बोलतो त्यांच्याशी. मास्तराचं न्हाई ऐकायचे, माझं ऐकतील.

---

चिखलवाट | २५ फेब्रुवारी

हिशेब: १ फेब्रुवारीपासून चार टँकर झाले, ११००, ११००, ११००, १२००. एकूण ४५००. पावत्या संस्थेकडं. चौथ्या टँकरचा कॉक गळका निघाला, पाचशेएक लिटर रस्त्यातच गेलं, त्यामुळं मागची ओळ कोरडी राहिली होती. ती काल बादल्यांनी घातली. मोजणी २७६. दोन करंज वाळले.

---

मांजराकाठ | २५ फेब्रुवारी

शनिवारी येतो. भाऊही येतोय, त्याला बघायचंय मी पैसे कुठं घातले ते. गाडीत मागं जागा आहे, रिकामे कॅन आणू का?

---

चिखलवाट | २५ फेब्रुवारी

कॅन नकोत. विळे आणा, असतील तेवढे. जाळरेषा अर्धीच झालीय आणि गवत पार वाळलंय.